पीजे, एसटी आणि आयस्कझी

संगणकाच्या साठवणीवरचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पाच पानांतच आद्याक्षरांचं पीक गुडघ्याला लागतं. सॅन, नॅस, डॅस, एचबीए, लन, रेड, आयस्कझी, एफसीआयपी, एफसीओई. त्यात सॅन उलटं वाचलं की नॅस होतं आणि दोन्हींचा अर्थ वेगळा, म्हणजे पेपर काढणाऱ्याची सोयच. विद्यार्थी ही आद्याक्षरं पाढ्यांसारखी घोकतो, पेपरात उतरवतो, आणि मुलाखतीत कुणी “आयपी सॅन म्हणजे काय, साध्या भाषेत सांगा” म्हटलं की त्याला नेमकी साधी भाषाच आठवत नाही. माझं म्हणणं असं की विषय अवघड नाही, तो चुकीच्या गावापासून सुरू केला जातो. पुस्तकं कॅलिफोर्नियापासून सुरू होतात. ती पहूरपासून सुरू व्हायला हवीत.

पहूर म्हणजे जामनेर तालुक्यातलं, वाघूर नदीवरचं पहूर. जळगावहून अजिंठ्याकडे आणि पुढे छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता नि पाचोऱ्याहून जामनेरला जाणारा रस्ता इथे भेटतात. त्यामुळे एसटी, केळीचे ट्रक, कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या आणि लेणी बघायला निघालेले पाहुणे या सगळ्यांना पहूर चुकवता येत नाही. शिवाय गावाला रेल्वे स्टेशन आहे. पाचोरा–जामनेर नॅरोगेज, लोकांच्या तोंडी ‘पीजे’. कॉलेजच्या पोरांत पीजे म्हणजे फुसका विनोद. पण ही पीजे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली आणि शंभर वर्षं गंभीरपणे चालली. सुमारे ५६ किलोमीटर मार्ग, रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, वाटेत वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. मार्च २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. म्हणजे एकाच गावात एकीकडे स्वतःचे रूळ असलेली गाडी आणि दुसरीकडे सगळ्यांचा मिळून एक रस्ता. साठवणीच्या जाळ्यांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास हा या दोघांच्या भांडणाचाच इतिहास आहे, फक्त तिथे धूळ उडत नाही.

आधी गोदाम समजून घेऊ, कारण जाळं म्हणजे शेवटी गोदामाकडे जाणारी वाट. खानदेशात कापूस जिनिंगमधून प्रेसमध्ये जातो आणि त्याची गाठ बनते. गाठ साधारण १७० किलोची, सगळ्या गाठी एका मापाच्या, प्रत्येकीवर नंबर. गोदामवाल्याला आत कुणाच्या शेतातला कापूस आहे, कुठल्या जातीचा आहे, त्यातून धोतर होणार की वात होणार, याच्याशी काहीही देणंघेणं नसतं. “चारशे बारा नंबरची गाठ द्या” म्हटलं की तो देतो. सॅन हे असं गोदाम आहे. तिथली गाठ ५१२ किंवा ४०९६ बाइटची असते, तिला ब्लॉक म्हणतात, आणि सॅनला त्या ब्लॉकच्या पोटात लग्नाचा व्हिडिओ आहे की सातबारा, हे ठाऊक नसतं. नॅस म्हणजे मात्र मुनीम बसवलेलं दुकान. तिथे तुम्ही नंबर सांगत नाही, “मागच्या दिवाळीची खतावणी काढा” असं नावाने मागता, आणि कुठल्या फडताळात काय आहे ते मुनीम बघतो. सॅनमध्ये मुनीम तुमच्या घरचा, म्हणजे सर्व्हरमधला. गोदाम फक्त नंबर जाणतं. एवढा एक फरक डोक्यात बसला की पुस्तकाची चाळीस पानं वाचतात. ती चाळीस पानं लिहिणाऱ्याला पानामागे पैसे मिळत असावेत अशी मला शंका आहे.

आता गोदामाची वाट. सुरुवातीला गोदाम घरातच होतं. संगणक आणि त्याच्या डिस्क यांच्यात बोलणी करणारी स्कझी नावाची भाषा १९८६ साली प्रमाण ठरली आणि ती जाडजूड केबलमधून बोलली जाई; साधी केबल जास्तीत जास्त सहा मीटर. म्हणजे वाड्यातलं कोठार आणि ओसरी यांच्यातलं अंतर. पुढे धान्य इतकं वाढलं की कोठार गावाबाहेर न्यावं लागलं आणि तिथपर्यंत स्वतःचे रूळ टाकणारी मंडळी पुढे आली. त्या रुळांचं नाव फायबर चॅनल, प्रमाण झालं १९९४ साली. त्याचे स्विच वेगळे, केबल वेगळ्या, सर्व्हरमध्ये लावायचं कार्ड वेगळं. त्या कार्डाला ‘होस्ट बस अडॅप्टर’ म्हणतात. रेल्वेच्या सामानाच्या नावात बस घुसली आहे, तिकडे दुर्लक्ष करावं.

या रुळांचा मोठा गुण म्हणजे शिस्त. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, हे रेल्वेच्या आसपास वाढलेल्या पोरालाही माहीत असतं. फायबर चॅनलमध्ये नेमकं हेच चालतं. पलीकडचा आधी सांगतो की माझ्याकडे इतके डबे उतरवायला जागा मोकळी आहे. तेवढेच डबे इकडून सुटतात, एक जास्त नाही. त्यामुळे वाटेत गर्दी झाली म्हणून माल फेकून द्यायची वेळ येत नाही. उलट इथरनेट आणि इंटरनेट प्रोटोकॉल यांचा संसार म्हणजे एसटी स्टँड. गाड्या येत राहतात, माणसं चढत राहतात, गर्दी हाताबाहेर गेली की कंडक्टर डबल बेल मारतो आणि उरलेले खाली राहतात. स्विचचं पोट भरलं की तो नवं पाकीट सरळ टाकून देतो, माफीसुद्धा मागत नाही. राहिलेल्यांची काळजी टीसीपी नावाचा एक चिवट गृहस्थ घेतो. प्रत्येक पाकिटावर नंबर टाकतो, पोच मागतो, पोच आली नाही की तेच पुन्हा पाठवतो, आणि रस्त्यावर गर्दी दिसली की आपला वेग निम्म्यावर आणतो. पहूरच्या फाट्यावर तीन गाड्या भरून गेल्या तरी चौथीची वाट बघणारी म्हातारी आणि टीसीपी यांच्यात स्वभावाचा काडीचाही फरक नाही. दोघं पोचतात. कधी पोचतील ते विचारायचं नाही.

तर इ.स. २०००च्या सुमारास आयबीएम आणि सिस्को या कंपन्यांच्या लोकांनी विचारलं की गोदामाचा माल एसटीच्या रस्त्याने नेला तर काय बिघडलं? स्कझीची आज्ञा घ्यायची, टीसीपीच्या पाकिटात घालायची आणि सगळ्यांच्या रस्त्याने सोडून द्यायची. यालाच आयस्कझी म्हणतात. एप्रिल २००४मध्ये आरएफसी ३७२० या क्रमांकाने त्याचं प्रमाण छापून आलं, २०१४ साली ७१४३ क्रमांकाने सगळे तुकडे जोडून ते नव्याने लिहिलं गेलं. मागणी करणारा सर्व्हर म्हणजे इनिशिएटर, माल देणारं गोदाम म्हणजे टार्गेट, आणि गोदामाचा दरवाजा नंबर ३२६०. संपला विषय. पुढचं सगळं बिल्टीचं राजकारण आहे.

ते राजकारण मात्र जवळून बघण्यासारखं आहे. समजा गोदामातून ४०९६ बाइटची एक गाठ मागवली. तिच्यावर आयस्कझीची ४८ बाइटची बिल्टी लागते. मग टीसीपी आपली २० बाइटची बिल्टी लावतो, आयपी आणखी २० बाइटची, आणि इथरनेट वरून पुन्हा आपली पावती डकवतं. इथरनेटच्या नेहमीच्या गाडीत १५०० बाइटच मावतात. त्यातल्या ४० बिल्ट्यांत गेल्या, उरल्या १४६०. म्हणजे एका गाठीला तीन खेपा. शेतकऱ्याला हा हिशोब तोंडी येतो: एवढ्याशा मालाला तीनदा हमाली. म्हणून मोठ्या ट्रॉलीची कल्पना निघाली, ९००० बाइटची ‘जंबो फ्रेम’; तिच्यात अख्खी गाठ बिल्ट्यांसकट एका खेपेत बसते. पण ट्रॉली मोठी करून भागत नाही, वाटेतला प्रत्येक पूल तेवढा उंच लागतो. मधला एखादा स्विच १५००वर अडून बसला की छोटी पाकिटं सुरळीत जातात, मोठी तिथेच गडप होतात, आणि तंत्रज्ञ दोन दिवस डोकं धरून बसतो. कारण चौकशीला पाठवलेलं पाकीट छोटं असतं आणि ते “सगळं ठीक आहे” म्हणून परत येतं. सायकलवरून पाहणी करणाऱ्याला पुलाची उंची कधीच अडत नाही.

इथपर्यंत वाचून शहाणा वाचक हात वर करील. जाणकार मंडळी आयस्कझी बसवताना पहिला सल्ला काय देतात? स्वतंत्र स्विच घ्या, स्वतंत्र जाळं ठेवा, ऑफिसातल्या बाकीच्या वाहतुकीत हे मिसळू नका, निदान व्हीलॅनची वेगळी मार्गिका तरी आखा. म्हणजे सगळ्यांचा रस्ता स्वस्त म्हणून निवडायचा आणि मग आपल्यापुरता वेगळा रस्ता बांधायचा! मग पीजेने काय घोडं मारलं होतं? आक्षेप बिनतोड वाटतो, आणि बऱ्याच पुस्तकांनी तो टाळला आहे. माझ्या मते सगळा विषय याच उत्तरात आहे. स्वस्ताई रस्ता वाटून घेण्यात नव्हतीच, ती मिस्त्री वाटून घेण्यात होती. रस्ता वेगळा बांधला तरी तो त्याच डांबराचा, त्याच टायरचा. गाडी पहूरजवळ पंक्चर झाली तर पंक्चरवाला पहूरला मिळतो, शेंदुर्णीला मिळतो, भागदऱ्याजवळही कुणीतरी टपरीतून पान्हा घेऊन बाहेर येतो. नॅरोगेजचं चाक निखळलं तर? ते दुरुस्त करू शकणारे कारखाने अख्ख्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फायबर चॅनलचं झोनिंग बिघडलं की ते जाणणारा माणूस पुण्या-मुंबईहून बोलवायचा, त्याची तारीख मिळेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. इथरनेटचा स्विच आयटीआयला नेटवर्किंग शिकलेल्या पोरालाही उघडता येतो, आणि नवा स्विच जळगावच्या दुकानात मिळतो. ज्या तंत्राचे मिस्त्री तालुक्याला तयार होतात ते टिकतं. मिस्त्री तिथे तयार होतात जिथे शिकायला सामान हाताशी असतं. आयपीच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या उपमेवरच आहे आणि तो मला मान्य करावा लागेल. फायबर चॅनल वेगवान. पीजे वेगाबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हती. आयस्कझी आली तेव्हा साधं इथरनेट एक गिगाबिटचं आणि फायबर चॅनल दोनचं. म्हणजे रुळांवरची गाडी दुप्पट पळत होती आणि मी तिला नॅरोगेज म्हणतो आहे. शिवाय नॅरोगेज मुळात स्वस्त पडते म्हणूनच टाकली जाई; अरुंद रूळ, हलके पूल, लहान इंजिन. फायबर चॅनलला स्वस्त म्हणणारा माणूस एक तर ते विकत असतो किंवा बिल दुसऱ्याच्या नावावर असतं. मग उपमा टिकते कुठे? ती पाचोरा स्टेशनवर टिकते. पाचोरा मुंबई–भुसावळ मुख्य मार्गावर, तिथले रूळ १६७६ मिलिमीटरचे. पीजेने आलेली गाठ पाचोऱ्याला आली की पुढे जाऊ शकत नाही. हमालांनी ती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची. प्रश्न वेगाचा नव्हता, गेजचा होता. गेज बदललं की हमाल लागतो, आणि हमालाचे पैसे वेगातून वसूल होत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग फायबर चॅनल मेलं का? नाही. मोठ्या बँका, मोठी इस्पितळं, जिथे एका सेकंदाच्या खोळंब्याची किंमत फार मोठी, तिथे ते आजही धडधडत असतं आणि ३२, ६४ गिगाबिटपर्यंत पोचलं आहे. ती मंडळी पीजेवाली नाहीत, मुख्य मार्गावरची आहेत. त्यांचा मिस्त्री पगारी असतो आणि घरी जाताना फोन बंद करत नाही. माझा दावा त्यांच्याविषयी नाहीच. दावा आहे पतसंस्थेविषयी, तालुक्याच्या दवाखान्याविषयी, जिनिंगच्या ऑफिसविषयी, जिथे सर्व्हर देवघराच्या शेजारी ठेवलेला असतो आणि त्याला रोज उदबत्तीचा धूर मिळतो.

या दोन टोकांच्या मध्ये काही तडजोडीही झाल्या आणि त्या वाचताना हसू आवरत नाही. एफसीआयपी ही पहिली. फायबर चॅनलचा अख्खा डबा उचलून ट्रकवर ठेवायचा, आयपीच्या रस्त्याने दुसऱ्या शहरात न्यायचा आणि तिथल्या रुळांवर परत उतरवायचा. डब्याला आपण ट्रकवर होतो याचा पत्ताही लागत नाही. कोकण रेल्वेवर १९९९पासून याच्या उलट चालतं, मालट्रकच रेल्वेच्या वाघिणीवर चढून जातात आणि ड्रायव्हर केबिनमध्ये झोप काढतो. दुसरी तडजोड एफसीओई. हिने डबा ट्रकवर ठेवला नाही, रस्त्यालाच सांगितलं की आजपासून तू रुळासारखा वाग, एकही पाकीट टाकायचं नाही. रस्त्याने ऐकलं, पण त्यासाठी स्विच खास घ्यावे लागले आणि मिस्त्री पुन्हा पुण्याहून आला. तिचा बोलबाला पुढे ओसरला याचं मला आश्चर्य वाटत नाही.

एफसीआयपीचा खरा उपयोग मात्र दुसऱ्या शहरात प्रत ठेवण्यासाठी होतो, आणि प्रतींच्या बाबतीत पहूरच्या पंचक्रोशीचा अनुभव जगाला शिकवण्याजोगा आहे. वाघूर जिथून वळसा घेत येते तिथे अजिंठ्याची लेणी. तिथल्या चित्रांच्या प्रती मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून वर्षानुवर्षं खपून केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या. १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा प्रती केल्या, पुन्हा लंडनलाच पाठवल्या, आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्याही पुष्कळ गेल्या. मूळ चित्रं, वटवाघळं आणि गळकी छतं सोसून, जिथल्या तिथे. आधीच्या प्रती ज्या शहरात जळाल्या त्याच शहरात नव्या पाठवणाऱ्याला आजच्या परीक्षेत शून्य मिळालं असतं.

सुरक्षेचा आक्षेप राहिला. सगळ्यांच्या रस्त्यावर चोरही सगळ्यांचेच. खरं आहे. आयस्कझीत चॅप नावाची ओळखपरेड असते. गोदाम एक कोडं घालतं, सर्व्हर गुप्त शब्द उघड न करता त्याचं उत्तर देतो. पण त्यातून आत कोण येतो एवढंच कळतं, रस्त्यात माल उघडाच असतो. ताडपत्री हवी तर आयपीसेक वेगळं लावायचं. बरेच जण लावत नाहीत आणि चॅपही चालू करत नाहीत. हा दोष रस्त्याचा नाही, पण अपघात झाला की लोक रस्त्यालाच शिव्या देतात. आणि क्लाउड आल्यावर हे सगळं शिकायचंच कशाला, असं कुणी म्हणत असेल तर त्याने एवढं ध्यानात घ्यावं की क्लाउडवर भाड्याने मिळणारी डिस्कही बहुधा दुसऱ्या यंत्रात असते आणि जाळ्यातूनच तुमच्या सर्व्हरला लागते. गोदाम भाड्याचं झालं म्हणून गाठ आकाशातून येत नाही.

उरतं ते शिकणं. फायबर चॅनल घरी शिकता येत नाही. त्याचं कार्ड नि स्विच घरात आणायचा म्हणजे म्हैस विकावी लागेल. आयस्कझी शिकायला दोन जुने संगणक आणि एक साधा स्विच पुरतो. लिनक्समध्ये टार्गेट फुकट, इनिशिएटर फुकट. विंडोजमध्येही इनिशिएटर आधीच बसवलेला. एकावर गोदाम थाटायचं, दुसऱ्यावरून लॉगिन करायचं आणि दुसऱ्याला वाटू लागतं की आपल्याच पोटात नवी डिस्क उगवली. मग मुद्दाम केबल उपटायची. लिनक्सचा इनिशिएटर सहसा १२० सेकंद वाट बघतो, तोवर आज्ञा तशाच ताटकळत. दोन मिनिटांत केबल परत लावली तर काही झालंच नाही अशा थाटात काम पुढे चालू. या दोन मिनिटांत जे कळतं ते कुठल्या आकृतीत नाही. मग गोदाम शंभर जीबीचं असताना तीन सर्व्हरना प्रत्येकी शंभर जीबी दिल्याचं सांगायचं. याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात, आणि पाचशे पत्रिका वाटून तीनशे पानांचा स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक वधूपित्याला ते जन्मतः येतं. शेवटी एकच डिस्क दोन सर्व्हरना एकाच वेळी लिहायला देऊन बघायची. गोदाम तक्रार करत नाही, त्याला नंबरच तेवढे कळतात. दोन भावांनी मध्ये बांध न घालता एकाच वावरात एकाने कापूस आणि दुसऱ्याने मका पेरावा, तसं काहीतरी उगवतं. ते कोर्टातही निस्तरत नाही.

या प्रयोगात एक जागा पहूरच्या माणसाला खास आपली वाटेल. प्रत्येक टार्गेटला नाव द्यावं लागतं. त्यात आधी ‘आयक्यूएन’, मग वर्ष आणि महिना, मग आपला इंटरनेटवरचा पत्ता उलट्या क्रमाने, म्हणजे राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशा सरकारी थाटात. वर्ष-महिना कशाला, असं विद्यार्थी हमखास विचारतो. कारण पत्ता उद्या विकला जाऊ शकतो. त्या महिन्यात तो कुणाच्या नावावर होता त्यावरून मालकी ठरते. सातबाऱ्यावरचा फेरफार ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एवढं लिहून झालं की कोलन द्यायचा, आणि कोलनच्या पुढे गोदामाला आपल्या मनाने नाव द्यायचं. इथे बाहेरगावचा विद्यार्थी नुसतं ‘पहूर’ लिहून मोकळा होईल. गावचा थांबेल, कारण पहूरला ग्रामपंचायती दोन आहेत, पेठ आणि कसबे, आणि टार्गेट एकच.